झोळीतला वैमानिक

लोकांना वाटतं आम्ही त्या वैमानिकाला वाचवलं. ग्रामपंचायतीनं आमचा सत्कारही केला, शाल-श्रीफळ देऊन. माझ्या शालीची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. ती बघितली की मला स्वतःची किळस येते.

मी नगरच्या एका शाळेत शिक्षक. शनिवारी दुपारी गावी यायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, हा माझा नेम. भाद्रपदातला रविवार होता. आठ दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली होती, म्हणून मी आणि थोरले चुलते बाजरीच्या बांधावर गवत कापत होतो. चुलत्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. आमच्या पठारावरून लष्कराची विमानं कायम जातात, त्यांच्याकडं मान वर करून कुणी बघत नाही. हे मात्र आवाज न करता आलं, आणि इतकं खालून की बाभळीचे शेंडे हलले. त्याच्या पोटाखाली चाकं नव्हती.

"चाकं काढायची इसारला का काय ह्यो?" तात्या म्हणाले. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते बाजरीत शिरलं, पोटावर घसरत दोन रानं ओलांडून गेलं आणि बांधाला अडून थांबलं.

आम्ही धावलो. वस्तीवरचे आणखी तिघं आले. आत एकटाच वैमानिक होता, पंचविशीचा असेल. तोंडाला रक्त होतं, पण शुद्धीवर होता. तेलाचा उग्र वास सुटला होता. पेट घेतला असता तर संपलंच होतं, म्हणून आम्ही त्याला बाहेर काढलं. ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणेन. काढताना त्यानं स्वतः पायांनी रेटा दिला. लांब नेऊन बांधाच्या सावलीत झोपवला तेव्हा त्यानं दोन्ही गुडघे वर घेतले आणि पाणी मागितलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाठ फार दुखतेय म्हणाला, हिंदीत. आणि म्हणाला, राहू द्या, आमचे लोक येतील.

मी मोबाईलवरून पोलिसांना कळवलं. मदत निघाली आहे, तिथंच थांबा, असं उत्तर आलं. तात्यांना सांगितलं तर ते हसले.

"निघाली? सरपंचाच्या आईसाठी बी निघाली हुती. दहाव्याला तरी पोचंल वाटलं हुतं."

त्यांचंही काही खोटं नव्हतं. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. पाऊस झाला की तीन किलोमीटर गाडी येत नाही, आणि निघालेली मदत ओढ्यापलीकडं उभी राहून फोन करते. म्हणून आमच्याकडं झोळी. लांब बांबूच्या दोन टोकांना घोंगडी बांधायची, माणूस तिच्यात घालायचा आणि खांद्यावर घेऊन निघायचं. सापानं चावलेले, अडलेल्या बाया, सगळे असेच रस्त्याला लागले. तात्या पन्नास वर्षं झोळी बांधत आलेत. आपल्या झोळीतलं माणूस वाटेत गेलं नाही, हा त्यांचा अभिमान. झोळीपाशी बोलायचं ते फक्त तात्यांनी. खांदा कधी बदलायचा, ओढा कुठून ओलांडायचा, ते ठरवतील तसं. आणि एकदा उचललेली झोळी रस्ता लागेपर्यंत खाली टेकवायची नाही. टेकवली तर माणूस परत येत नाही म्हणतात.

आता मी माझं सांगतो. दरवर्षी नववीला प्रथमोपचाराचा पाठ मी शिकवतो. फळ्यावर पाठीचा कणा काढतो. पाठीला मार लागलेल्या माणसाला हलवू नये, हलवावंच लागलं तर सरळ फळीवर घ्यावं, हे मुलांकडून घोकून घेतो. झोळीत माणूस कमरेत वाकतो, पार पाळण्यातल्या पोरासारखा. तात्या झोळी बांधत होते आणि हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. आमच्या गोठ्याचं लाकडी दार बिजागरीतून उचललं की निघतं. ते आणायला पाच मिनिटं लागली नसती.

"तात्या," मी म्हणालो.

"म्होरनं धर," तात्या म्हणाले.

मी पुढून बांबू धरला. पन्नाशीला आलेला, बीएड झालेला माणूस मी, पण चुलत्यापुढं तोंड उघडलं नाही.

ओढ्यात छातीएवढं पाणी होतं. मधोमध एकाचा पाय घसरला, झोळीला हिसका बसला आणि वैमानिक ओरडला. एकदाच. पलीकडं चढलो तेव्हा तो नुसता आभाळाकडं बघत होता. त्याच वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं आणि आमच्या बाजरीत उतरलं. आम्ही निघून वीस मिनिटंही झाली नव्हती. पोलिसांना फोन मीच केला होता, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. थांबूया, असं आतून कोणीतरी मला ओरडून सांगत होतं.

"झोळी टेकवायची न्हाई," तात्या म्हणाले. आम्ही चालू लागलो.

रस्त्यावर लष्कराची गाडी भेटली. त्यातल्या एका जवानानं झोळी पाहिली आणि कात्रीनं घोंगडी कापली. वैमानिकाचा बूट काढून त्यानं तळव्याला काहीतरी टोचलं. पाय हलला नाही. त्यानं परत टोचलं. मी तोंड फिरवलं.

पुढं चौकशीला अधिकारी आले, विमानाभोवती चार दिवस पहारा होता. गावात तोवर एकच चर्चा, की पोरगं चाकं काढायला विसरलं. मी एका अधिकाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, इंजिन बंद पडल्यावर अशा रानात चाकं मुद्दाम काढत नाहीत, ती ढेकळात रुतली तर विमान उलटतं. त्यानं सगळं अगदी बरोबर केलं. घरी येईपर्यंत मी तेच एक वाक्य घोकत होतो. त्यानं सगळं बरोबर केलं होतं.

सत्कारानंतर पेपरात आलं की त्याच्या कमरेखाली जाणीव उरलेली नाही. तात्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "झोळीनं तर न्हाई ना झालं ह्ये?" मी म्हणालो, काय सांगावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबूचे तुकडे करून चुलीत घातले.

हिवाळ्यात वैमानिकाचे वडील आले. ओढा आटला होता, तरी गाडी रस्त्यावर सोडून पायी आले. आधी तात्यांच्या पाया पडले, मग ओट्यावर बसून मिठाईचा पुडा पुढं केला. ते हिंदीत बोलत होते. तात्यांना हिंदी अर्धंमुर्धं कळतं, म्हणून मध्ये मी.

ते म्हणाले, मुलगा दिवसभर एकच बोलतो. विमान मीच जोरात आपटलं, माझंच चुकलं. जेवत नाही. झोळीतलं त्याला काहीच आठवत नाही. तुम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे पाय हलत होते का, एवढंच मला सांगा.

मी म्हणालो, आठवत नाही.

तेवढं हिंदी तात्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हालत हुते, सायेब," ते म्हणाले. "गुडघं वर घेतलं हुतं त्यानं. झोळीत घालायचं मी सांगितलं. पोराची चूक न्हाई, माजी हाय." मग मला म्हणाले, "सांग त्यास्नी नीट."

मी सांगितलं. पाहुणे बराच वेळ चष्मा पुसत बसले. नंतर त्यांनी विचारलं, आवाजात राग नव्हता. झोळीनं असं होऊ शकतं, हे त्या दिवशी तिथं कुणालाच माहीत नव्हतं?

"काय म्हनत्यात?" तात्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यास्नी म्हनावं, आमी अडानी मानसं. ठावं आसतं तर कुनी केलं आसतं का आसं?"

पाहुणे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तात्यांचं बोलणं शब्दन् शब्द हिंदीत सांगितलं, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.