दोन व्याही आणि तिसरा रूळ

आमचे व्याही सटाण्याचे. कांद्याचे व्यापारी. आवाज भारदस्त, मिशा त्याहून भारदस्त. मुलाचं लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी इतक्या अदबीनं बोलायचो की बघणाऱ्याला वाटावं, दोन राजे तहाला बसलेत.

असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात नाशिकला आमच्याकडे आला, बसमधून मांडीवर सांभाळत आणलेला स्टीलचा डबा त्यानं उघडला आणि त्यातून काय काढावं? बोटभर लांबीचं पितळी इंजिन! स्वतः पत्रा कापून, डाख देऊन घडवलेलं. मी चाटच पडलो. माझ्या गच्चीवरच्या खोलीत खेळण्यातली रेल्वे आहे हे मी व्याह्यांपासून जिवापाड लपवलं होतं. सुनेनं बापाला सगळं सांगितलं होतं.

"दोन वर्षं लागली," ते हळूच म्हणाले. "पण अजून एकदाही धावलं नाही हो. आमच्याकडे रूळच नाहीत. तुमच्याकडे जमेल?"

माझी गाडी ब्रॉडगेजची, त्यांचं इंजिन नॅरोगेजचं. उपाय सोपा होता. नव्यानं मार्ग टाकायचा आणि त्यात तीन रूळ बसवायचे. एका कडेचा रूळ दोन्ही गाड्यांना सामाईक. दुसरं चाक मोठ्या गाडीचं पलीकडच्या रुळावर, छोटीचं मधल्यावर. प्रश्न एवढाच, की रूळ किती उंचीचे घ्यायचे?

माझ्या जुन्या डब्यांच्या चाकांना खोल कडा. रूळ बुटका असला की त्या खालच्या खिळ्यांवर खडखडतात. मला अडीच मिलिमीटरचेच रूळ हवे होते. पण त्या नाजूक इंजिनाखाली तसा रूळ म्हणजे लहान पोराच्या पायात बापाचे बूट. व्याह्यांना पावणेदोनचे हवे होते; तोंडानं म्हणाले नाहीत, पण मी दाखवायला दिलेला बुटक्या रुळाचा तुकडा काही खाली ठेवेनात.

मग सुरू झालं.

"बुटकेच घेऊ. तुम्ही पाहुणे."

"छे, छे! उंच घ्या. घर तुमचं."

"तुमची एवढी मेहनत..."

"मान मुलाकडचा!"

दारात उभी असलेली सून म्हणाली, "माझ्या लग्नाच्या बैठकीतही तुमचं हेच चाललं होतं. शेवटी चांगला हॉल हातचा गेला."

तिच्याकडे दुर्लक्ष करून आम्ही तोडगा काढला. दोन कडेचे रूळ उंच, मधला बुटका. दोघांचाही मान राहिला! आम्ही हात मिळवले, रूळ मागवले आणि व्याही पुन्हा आले तेव्हा दोघांनी मिळून मोठ्या प्रेमानं ते चिकटवले. छोट्या इंजिनाचं एक चाक उंचावर आणि दुसरं खोलात जाणार, हे दोन जाणत्या बाप्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

इंजिन निघालं. तिरकं.

"थोडं कललंय का?" मी विचारलं.

"नवीन आहे, लाजतंय," व्याही अजून अदबीतच.

वळण आलं. सामाईक उंच रूळ वळणाच्या आतल्या अंगाला होता, त्यामुळे इंजिन बाहेर झुकलं, आणखी झुकलं आणि टेबलाच्या कडेवरून थेट फरशीवर. टण्ण!



"हाई काय शे?" व्याही थेट अहिराणीत गरजले, खिडकीच्या काचा हादरल्या. "अक्कल गहाण ठेवली होती का तुम्ही? रोज रेल्वे चालवता आणि एवढं दिसलं नाही?"

सोयरीक झाल्यापासून त्यांचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकत होतो. त्याहून मोठा धक्का माझ्याच तोंडानं दिला. "आणि तुमचे डोळे कुठे होते? इंजिन तुमचं!"

सून तोंडावर पदर दाबून जिन्याकडे पळाली. रडायला नव्हे.

व्याह्यांनी इंजिन उचललं. धुराडं वाकडं झालं होतं. त्यांनी श्वास रोखून अंगठ्यानं चाक फिरवलं. फिरलं.

"आता खरं बोला," ते गुरगुरले. "तुम्हाला कोणता हवा होता?"

"उंच."

"मला बुटका. पण माझं इंजिन उंचावर चालेल, तुमचे डबे बुटक्यावर चालणार नाहीत. तिन्ही उंच. संपलं!"

"पण दिसायला..."

"वाईटच दिसणार!" असं म्हणत त्यांनी, मला न विचारता, मधला रूळ बोटांनी उपटला. त्याबरोबर गवत म्हणून दिलेला माझा ताजा हिरवा रंगही गेला.

माझ्याकडे उंच रुळाचे तुकडे शिल्लक होते. संध्याकाळपर्यंत ते बसले. वाकड्या धुराड्याचं इंजिन त्या धिप्पाड रुळांवरून सरळ उभं राहून वळणाकडे निघालं, तसा मी काळजीनं वेग कमी करायला हात पुढे केला. व्याह्यांनी त्यावर फटका मारला.

"हात काढा!"

मी काढला.