बिनओळखीचा मुक्काम

धर्मराजला देवानं तोंड दिलं, पण त्याला कडी लावायला देव विसरला. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला गाव कोणतं, आडनाव काय, लेकी कुठं दिल्या हे विचारून दोन थांब्यांच्या आत हा नातं काढून मोकळा. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. उषाबाई त्याची बायको, म्हणजे अकरा माणसांच्या घराची चूल.

वीस वर्षांत ही बाई एकदाही पहिल्या पंगतीला बसली नव्हती. तिला ना दागिना हवा होता, ना पैठणी. पाण्याकाठी, झाडाखाली तीन दगड मांडावेत, दोघांपुरतंच रांधावं आणि तव्यावरची पहिली भाकरी आपणच खावी, एवढंच तिचं मागणं. फुकटातलं मागणं, म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कारखान्याचा हंगाम संपला, पोरं मामाकडं गेली आणि वडीगोद्रीच्या याकूबनं, धर्मराजच्या दोस्तानं, आपली जुनी मॅटाडोर देऊ केली. मागं फळ्या टाकून गादी अंथरलेली, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. "लॉजचा खर्चा कायको भाभी? पाणी बघा, सावली बघा, अन् बिनधास्त गाडी लावा," याकूब म्हणाला. घरी सांगितलं, देवाला चाललो. तीन दिवस चूल सांभाळायला जाऊ तयार झाली, तीही तोंड वाकडं करून.

पहिला मुक्काम वाटूरच्या अलीकडं, एका मळ्यालगत. लिंबाची गार सावली, विहिरीचं गोड पाणी. उषाबाईनं दगड मांडले न मांडले, तोच मळ्याचा मालक आला. "कोण गावचे पाव्हणे?"

झालं! धर्मराजचं तोंड सुटलं. जरा वेळात मालकाची वहिनी ही धर्मराजच्या भावजयीची मावसबहीण निघाली. "म्हंजी सोयरेच की! अन् उघड्यावर चूल पेटवता? गाव काय म्हणंल आम्हाला?" म्हणत त्यानं दोघांना घरी नेलंच. आता सोयऱ्याच्या घरी जाऊन बाईमाणसानं पाय पसरून बसायचं का? संध्याकाळी उषाबाई परक्या चुलीपुढं सगळ्या घराच्या भाकरी थापत होती.

दुसरा मुक्काम नदीकाठच्या देवळामागं. जागा अशी देखणी की बघत राहावं. पण धर्मराज पुजाऱ्याशी गप्पा मारायला गेला आणि पुजाऱ्याची बायको नेमकी उषाबाईच्या माहेरची निघाली. पुन्हा परात, पुन्हा पीठ. मरो ते देखणेपण!

तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना उषाबाई फणकारली, "आज तुमच्या तोंडातून गावाचं नाव निघालं ना, तर मी इथूनच माहेरी जाईन. उद्या घरी जायचंय. मंग मी हाय अन् ती चूल हाय."

बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून धर्मराजनं खरोखर कान पकडले.

मंठ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी त्यांना एक पाझर तलाव दिसला. पाणी आटून खाली गेलेलं, पण निळंशार. काठाला करंजाची दाट झाडं, उथळ पाण्यात बगळे, आणि आजूबाजूला घर म्हणून नाही. उषाबाईनं चूल पेटवली, पिठलं टाकलं, पहिली भाकरी थापली.

आणि बांधावरून बकऱ्या हाकत एक म्हातारी आली.

धर्मराजनं तिच्याकडं एकदा पाहिलं, झटकन डोक्यावरून टावेल ओढला आणि तलावाकडं तोंड करून बसला.

"कुठले गं तुम्ही, बाई?"

"लांबचे हाव मावशी."

"लांबचे म्हंजी? कुणापैकी?"

उषाबाईला खोटं बोलवेना. "काय सांगू मावशी, आजच्या दिवस कुणाचेच न्हाई आम्ही."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, टावेलाकडं पाहिलं. "बरं हाय," म्हणाली आणि बकऱ्या वळवून चालती झाली.

हुश्श! उषाबाईच्या अंगातली ताठलेली शीर न् शीर मोकळी झाली. तिनं तव्यावरची भाकरी हातात घेतली, चटका बसला तरी सोडली नाही, आणि पाण्याकडं बघत पहिला घास खाल्ला. असा घास तिनं जन्मात खाल्ला नव्हता.

धर्मराजचा हात मात्र ताटाकडं जाईना.

"काय झालं हो?"

"ती माझी चुलत आत्या व्हती. सगुणाआत्या. इकडंच दिल्ती तिला. आपल्या लग्नात तुझी ओटी भरली तिनं." "आत्या समोर उभी, अन् मी पाया पडलो न्हाई. तुला शब्द दिल्ता ना."

उषाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. आता सगळ्या भावकीत बोभाटा होणार. पण वीस वर्षांत या माणसानं पहिल्यांदा तोंड मिटलं होतं, आणि तेही तिच्यासाठी, हेही तिला कळत होतं.

सकाळी म्हातारी पुन्हा आली, हातात दुधाचा तांब्या. दोघंही तिच्या पायाशी वाकली. "आत्याबाई, माफ करा. चुकलं," उषाबाई रडवेली झाली.

"अगं, टावेल टाकला म्हणून धर्मा लपतो व्हय? कडेवर खेळवलाय त्याला." सगुणाआत्यानं तांब्या तिच्या हातात दिला. "म्याच वळख दिली न्हाई. वळख दिली असती तर तुला घरी न्यावं लागलं असतं, अन् चुलीपुढं बसवावं लागलं असतं."

मग ती तिथंच करंजाखाली टेकली आणि पाण्याकडं बघत म्हणाली, "घरात चौदा माणसं हायती, पोरी. बकऱ्या काय, कुठंबी चरतात. मी रोज इथंच कशाला येते वाटतं तुला?"