बिनसुईचा नंबर

भास्कर गेल्याची बातमी मला पोस्टमनने दिली. तो शाळेच्या दाराशी सायकल धरून उभा होता. "मास्तर, डॉक्टर गेले सकाळी. घरी गर्दी हाय... हे तुमीच ठेवा," म्हणत त्याने भास्करच्या नावाचं एक कार्ड माझ्या हातात दिलं. तिकीट परदेशी होतं. मजकूर न वाचताही मला ठाऊक होता: आपला विंचूदंशावरचा लेख कृपया पाठवावा.

अशी कार्डं अधूनमधून येतच असत. जळगाव जामोदच्या दवाखान्यात बसून लिहिलेला भास्करचा तो एकच लेख. पण विंचूदंशाच्या तातडीच्या उपचारावर कुठेही कोणी लिहिलं, की तळटीपेत त्याचं नाव असे. आम्ही एका वर्गात शिकलो. तो डॉक्टर झाला, मी इंग्रजीचा मास्तर; निवृत्त झालो तरी माझं शाळेत जाणं सुटलेलं नाही. लेखाची भाषा मीच तपासली होती. दिवाळीच्या सुट्टीत तो मला नागपूरला घेऊन जाई आणि वैद्यकीय ग्रंथालयात नवी मासिकं उघडून आपलं नाव शोधत बसे. सापडलं की पान माझ्यापुढे सरकवी. "पाह्य बे मास्तर, तुयं इंग्रजी कुठवर पोचलं." मी म्हणे, "अन् विंचवाचं नाव काऊन नाही? काम तं त्यानं केलं."

लेखाचं काम महाराष्ट्र झाला त्या सुमाराचं. शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून रचायचे दिवस आले, की दवाखान्यात विंचू चावलेल्यांची रीघ लागे. बहुतेकांना नुसती आग होई. काही लहान मुलं मात्र घामाने गार पडून, धाप लागून दगावत. एक नवं इंजेक्शन तेव्हा आलं होतं. त्याने माणूस वाचतो की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना पुरेल इतकं ते मिळतही नव्हतं. भास्करने ठरवलं, येतील त्या क्रमाने एकाला द्यायचं, पुढच्याला नाही. हा नेम त्याने कधी मोडला नाही. शेवटी दिसलं ते असं, की इंजेक्शन दिलेलेच जास्त दगावले. त्याने तसं लिहिलं. लेख छापून आला आणि ठिकठिकाणी ते इंजेक्शन बंद झालं. आमच्या दवाखान्यातही.

काही वर्षांनी वरवट बकालची एक म्हातारी सुजलेला पाय दाखवायला आली. मी तिथेच बसलो होतो. तिला जुनी ओळख सांगायची होती.

"साहेब, तुमी एक सोडून एक सुई देत होते ना, ते आमाले उमगलं होतं. मंग आमी भायेर व्हरांड्यातच ठरवू. ज्याचं जास्त हाय, त्याले सुईच्या नंबरवर बसवू. मले नुसती आग होती, मी बिनसुईच्या नंबरवर गेली. म्हटलं, सुई त्या लेकराले भेटू द्या."

भास्करने तिचा पाय हळूच खाली ठेवला. "सारेच असं करत?"

"हाव. आमी काय जनावरं हावो?"

"ते लेकरू?"

"ते गेलं, साहेब."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"तुमी इचारलं नाही."

तिला शाबासकी हवी होती. भास्करने तिला औषध दिलं आणि तो आतल्या खोलीत गेला... म्हणजे मरणाला टेकलेली मुलं सगळी इंजेक्शनच्या बाजूला, आणि जे तसेही वाचणार होते ते दुसऱ्या बाजूला. व्हरांड्यातल्या माणुसकीने त्याचा अभ्यास मुळातच खोटा केला होता. ते इंजेक्शन तारतं की मारतं हे त्याला कळलंच नव्हतं, आणि जगाला वाटत होतं, कळलं.

त्याने दुरुस्ती लिहिली. मासिकाने ती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात छापली. पुढच्या दिवाळीला आम्ही नागपूरला गेलो. लेखाचे दाखले वाढले होते. दुरुस्तीचा एकही नव्हता. त्यापुढच्या वर्षीही नव्हता. मग कार्ड आलं की तो लेखावर दुरुस्तीचा टंकलेला कागद टाचणीने लावून पाठवू लागला. एका मोठ्या प्राध्यापकाचं उत्तर आलं: लेखाबद्दल आभार, आमच्या ग्रंथात घेतला आहे. भास्करने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. "टाचणी टोचली नसन त्याले," तो म्हणाला.

तो निवृत्त झाल्यावर, गेल्या हंगामात, आमच्या गल्लीतल्या एका मुलीला विंचू चावला. तिला दवाखान्यात नेलं, मागोमाग आम्ही दोघे गेलो. नव्या तरुण डॉक्टरने उठून भास्करला आपली खुर्ची दिली.

"ते इंजेक्शन देऊन पाहा," भास्कर म्हणाला.

"सर, ते आता कुठंच ठेवत नाहीत. तुमच्या लेखामुळंच."

"तो लेख चुकलाय."

डॉक्टरने कपाटातून जाड ग्रंथ काढला आणि तळटीप दाखवली, अगदी आदराने. "आम्ही यावरच शिकलो, सर. वय झालं की आपल्याच कामाबद्दल शंका येते माणसाला. चहा सांगू?"

मुलगी संध्याकाळी गेली. भास्कर तोवर त्या खुर्चीतून उठला नव्हता. घरी येताना एवढंच म्हणाला, "वाचली असती, असंही म्हणता येत नाही बे मले."

परवा ते कार्ड घेऊन वहिनींकडे गेलो. भास्करच्या टेबलावर टाचण्यांची डबी तशीच आहे. लेखाच्या छापील प्रतींचा गठ्ठा अजून पुष्कळ उरला आहे. दुरुस्तीचे कागद संपलेत. शाळेच्या टाइपरायटरवर एक करून नेला होता. तो लावत होतो तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, अजून नाव काढतात ना त्याईचं, तिकडं?"

"काढतात, वहिनी."

"किती दिस काढतील?"

टाचणी कागदातून आरपार गेली. "पुष्कळ दिवस," मी म्हणालो. त्यांना बरं वाटलं.