मामूंच्या यखनीचे चाळीस दिवस

आखातातली ती लढाई कुणी जिंकली यावर मोठमोठी माणसं अजून वाद घालत असतील, तर खुशाल घालोत. दम्मामच्या आमच्या बिल्डिंगीपुरतं बोलायचं तर ती माझ्या बायकोच्या मामूंनी जिंकली. हत्यार एकच, बारा लिटरचं जाड बुडाचं पातेलं. दारूगोळा म्हणजे गुराच्या नळ्या, गुडघ्याचे सांधे आणि शेपटीचे तुकडे. आणि मी? मी मागच्या फळीत बसून, ‘कांदे सोलू नकोस, सालासकट टाकायचेत’ असं चार वेळा ऐकूनही, कांदे सोलत होतो.

मामू बॉयलरवाले. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं गाव सोडून ते सौदीत अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर आले आणि एका कंत्राटदाराच्या कॅम्पात बावीस वर्षं राहिले. वाफेशिवाय दुसरी भाषा त्यांना येत नव्हती म्हटलं तरी चालेल. आमच्या घरी जेवायला आले की सलाम-दुआ होण्याआधी ते बाथरूमच्या गीझरला हात लावून बघत. चहा उकळलेला बघितला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणीतरी त्यांच्यासमोर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धक्का दिला. प्रेशर कुकरला ते घरात ठेवलेला वेडा माणूस समजत. “शिट्टी मारणारा बॉयलर म्हणजे खराब बॉयलर,” एवढंच म्हणत आणि कुकरच्या दिशेला पाठ करून बसत. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. मशीनच्या पोटातलं ऐकायला फिटर लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून त्याची मूठ कानाला लावतात ना, तसा मामू लाकडी उलथन्याचा दांडा पातेल्याला टेकवून दुसरं टोक कानाला लावत आणि डोळे मिटून सांगत, “हां. आता बोलतंय. ओरडत नाय.”

त्या हिवाळ्यात मामूंचं कंत्राट संपलं. पासपोर्टावर कायमच्या एक्झिटचा शिक्का बसला, कॅम्प बंद झाला आणि नेमकी त्याच आठवड्यात विमानं थांबली. दोन सुटकेसी घेऊन मामू आमच्या दारात उभे राहिले. त्याच आठवड्यात आमची पोरगी जन्मली. पंधरा दिवस आधीच आली. जेमतेम दोन किलो. बायकोचं रक्त बरंच गेलेलं, चेहरा भिंतीसारखा पांढरा. बाळंतपणाला माझी सासू गावाहून यायची होती. तिचा व्हिसा तयार होता, मेथीचे लाडू डब्यात भरलेले होते, पण विमानच नाही. दवाखान्यातल्या केरळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आईच्या अंगात ताकद नाही, दूध पुरत नाहीये. चाळीस दिवसांनी पोरीचं वजन करू. काटा पुढे सरकला नसेल तर दोघींनाही दाखल करून घ्यावं लागेल. लढाईत दवाखान्याच्या खाटा कशासाठी राखून ठेवल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरी येऊन हे सांगितलं आणि पुरुषासारखा रडलो, म्हणजे बाथरूमचा नळ सोडून.

मी बाहेर आलो तेव्हा मामू शर्टाच्या बाह्या दुमडत होते.

“घरात बाईमाणूस नाय म्हणून काय झालं? बॉयलर हाय ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कसायाकडे घेऊन गेले. कसाई पेशावरकडचा, धिप्पाड. मटण न घेता नुसती हाडं मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. लोक तेव्हा तांदळाची पोती आणि पाण्याच्या बाटल्या भरून ठेवत होते. आम्ही हाडं भरली. तीन-चार दिवस सलग गेल्यावर त्याने हसत विचारलं, “चाचा, कितनी बिल्लियाँ पाल रखी हैं?”

मामू गंभीरपणे म्हणाले, “दो. एक बड़ी, एक नौ दिन की.”

खरं काय ते मग मी सांगितलं. त्यानंतर तो माणूस मामूंसाठी गुडघ्याचे सांधे आधीच बाजूला काढून ठेवायला लागला आणि हाड नेमकं कुठे तोडायचं यावर त्या दोघांची रोज पाच मिनिटं अशी चर्चा व्हायची की मागचं गिऱ्हाईक कंटाळून कोंबडी घेऊन जायचं.

आता यखनी म्हणजे काय, तर हाडांचं पाणी. आपण आळशी लोक हाडं पाण्यात टाकतो, भडका करतो आणि तासाभराने त्याला सूप म्हणतो. मामूंच्या मते हा हाडांचा अपमान होता. त्यांची हाडं आधी ओव्हनमध्ये बदामी होईपर्यंत भाजली जात. मग थंड पाणी, थंडच, आणि सिरक्याचे दोन चमचे. मग एवढीशी आच. फेस यायला लागला की मामू स्टूल घेऊन बसत आणि चमच्याने तो असा अलगद काढत, जणू झोपलेल्या बाळाच्या नाकावरची माशी. त्यानंतर सालासकट कांदे, आलं, दालचिनी, मिरी. मीठ शेवटी, तेही भांड्यात नाही, वाटीत. आणि दहा तास उकळी फुटता कामा नये. पाण्याचा वरचा थर नुसता थरथरला पाहिजे. “लग्नात नवऱ्याचा हात थरथरतो तेवढा,” ते म्हणत. गाळायला कफीलने, म्हणजे व्हिसा ज्याच्या नावावर होता त्या सौदी मालकाने, निरोपाच्या वेळी दिलेला डोक्यावर घ्यायचा नवाकोरा पांढरा गुत्रा. कफीलला कळलं असतं तर मामूंची एक्झिट रद्द झाली असती. पण तेवढं बारीक आणि स्वच्छ कापड दम्मामात दुसरं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पास-नापासची त्यांची परीक्षा मात्र जगावेगळी होती. काचेच्या ग्लासात यखनी भरायची, मागे इकामा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचं फोटोवालं कार्ड, धरायचा आणि ग्लासातून फोटोतला माणूस ओळखता आला पाहिजे. माझा इकामा त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारला. माझ्या फोटोतला माणूस ग्लासाशिवायही ओळखू येत नव्हता.

बायको पहिल्या दिवशी नाक मुरडून म्हणाली, “मामू, वास येतो.”

“येऊ दे. वास नाय आला तर काळजी कर.”

तिने एक वाटी संपवली, मग ओठांना बोट लावून बघितलं. ओठ एकमेकांना चिकटत होते, म्हणजे हाडांतला चिक पाण्यात उतरला होता. मामूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विमान त्यांनीच पाडलं. दिवसातून चार वाट्या तिच्या. उरलेल्या यखनीत आमची डाळ शिजायची, बटाटे-गाजराचा स्टू व्हायचा, खिमट व्हायचं. त्या चाळीस दिवसांत मी स्वतः सहा किलो वाढलो. डॉक्टरीणबाईंनी ते मोजलं नाही, हे बरं.

पहिला भोंगा संध्याकाळी मगरीबनंतर वाजला. विषारी वायूच्या भीतीने, शिकवल्याप्रमाणे, आम्ही बेडरूमच्या खिडक्यांना प्लॅस्टिक आणि चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. कंपनीने मोठ्यांना मास्क दिले होते, एवढ्याशा पोरीच्या मापाचा मास्क नव्हता. बायको तिला ओल्या दुपट्ट्यात घेऊन आत धावली. मी घाईघाईत पासपोर्टांची पिशवी घेतली, निदान मला तसं वाटलं. आत जाऊन उघडली तर त्यात धुतलेले लंगोट होते. आणि मामू? मामूंनी गॅस बंद केला, कॅम्पातली करड्या रंगाची घोंगडी पातेल्याभोवती गुंडाळली, बारा लिटरचं ते गरम धूड पोटाशी धरून खोलीत आले आणि पायाने दार लोटून म्हणाले, “पट्टी लाव खालच्या फटीला. काय बघतोस?”

“मामू, पातेलं कशाला?”

“बाहेर ठेवून काय, त्यांना पाजू?”

वर आकाशात धडाका झाला, काचा थरथरल्या. आम्ही तिघं मास्क घालून हत्तीच्या पिल्लांसारखे बसलो. बायको पोरीला छातीशी घट्ट धरून पुटपुटत होती. मी दुआ म्हणत होतो पण मास्कमध्ये ती मलाच ऐकू येत होती. थोड्या वेळाने मामूंनी मास्क वर केला, घोंगडीचं टोक बाजूला सारलं आणि पातेल्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला.

मी ओरडलो, “मामू! अजून खलासचा भोंगा नाही झाला!”

“दालचिनीचा वास येतोय. हवा ठीक हाय,” ते म्हणाले आणि मास्क परत ओढून घेतला.

ही पद्धत सरकारी सूचनांत कुठेच नव्हती, पण बायको त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मास्कच्या काचेआड तिचे डोळे मला दिसले. सकाळी मामूंनी घोंगडी सोडली आणि यखनी ग्लासात ओतून उजेडाकडे धरली. गॅसशिवाय, नुसत्या स्वतःच्या उबेत मुरलेली ती यखनी आदल्या कुठल्याही दिवसापेक्षा नितळ होती. बावीस वर्षांच्या अनुभवाचा बॉयलरवाला आणि त्याला नवी गोष्ट शिकवली कुणी, तर भोंग्याने. पुढे भोंगा वाजो न वाजो, शेवटचे चार तास पातेलं घोंगडीतच जायला लागलं. बिल्डिंगीतल्या बाया वाट्या घेऊन यायला लागल्या. कुणाच्या सासऱ्याला खोकला, कुणाचा मुलगा भीतीने जेवत नव्हता. मामू कुणाला नाही म्हणत नसत, फक्त विचारत, “घरी नेऊन उकळणार नाय ना?”

एकतिसाव्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस आला. जेद्दाहून विमानं सुटत होती, परवा सकाळी दम्मामहून बस. “यल्ला हाज्जी, सीट मिळाली. खलास!”

मामू म्हणाले, “नऊ दिवसांनी बघू.”

तो माणूस हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ही मस्करी नाही. एक्झिटच्या शिक्क्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती गेली की पुन्हा कफील, पुन्हा कचेऱ्या, आणि लढाईच्या दिवसांत कुणाला विचारणार? मी मामूंना सगळं समजावलं. मी तसा समजावण्यात हुशार आहे, फक्त ऐकत कुणी नाही.

“बॉयलर चालू असताना शिफ्ट टाकून जातो काय कोण?” मामू म्हणाले. “रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय. पोरीचं वजन बाकी हाय.”

बायको आतून पोरीला खांद्यावर घेऊन आली. “आणि रिलीव्हर मिळाला तर जाल?”

“कोण?”

तिने माझ्याकडे बोट केलं. मामूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं, जसा गंजलेला व्हॉल्व पाहतात.

एक दिवस हातात होता. त्या दिवशी मामू माझ्यामागे स्टुलावर बसले आणि एकाही गोष्टीला हात लावला नाही. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला ते गेले तेव्हा माझ्या मनात आलं, आच थोडी वाढवली तर काय बिघडतं, लवकर होईल. ते परत आले तेव्हा पातेलं खदखदत होतं आणि पाणी धुण्यासारखं गढूळ. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी गॅस बंद केला, उलथन्याचा दांडा माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, “हे ओरडणं लक्षात ठेव. ही डाळीत जाईल. बाळंतिणीला नाय.” बायकोला त्या दिवशी आदल्या दिवशीची राखलेली यखनी मिळाली. संध्याकाळी आम्ही नवी हाडं भाजली. सकाळी घोंगडी मी सोडली, ग्लास मी भरला, त्यांनी त्यांचा इकामा मागे धरला. बावीस वर्षांपूर्वीचा, काळ्याभोर मिशांचा एक तरणा माणूस त्या सोनेरी पाण्यातून आमच्याकडे बघत होता. मामू बराच वेळ ग्लास हलवीनात.

“पास,” ते म्हणाले.

निघताना बायकोने त्यांना विचारलं, “मामू, मामीला पण तिन्ही बाळंतपणांत अशीच पाजली होती?”

मामूंनी सुटकेसीचा पट्टा आवळला. “तिन्ही वेळेला मी इथं. दर वेळेला पत्रातून लिहून पाठवायचा, एवढी हाडं, एवढं पाणी, उकळू देऊ नको. चार-चार पानं.”

“मग मामीने केली?”

“विचारलं नाय कधी,” मामू म्हणाले. “ती हो म्हणाली असती.”

बस गेली. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते बिल्डिंगीला विचारा. ऑफिसातून मी तीनदा घरी फोन करून विचारायचो, “थरथरतंय का?” लढाई थांबली. कुवेतकडून काळा धूर येऊन दुपारी दिवे लावायची वेळ आली. पण पातेलं एकदाही ओरडलं नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. चाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. पोरीने काट्यावरच मोठा भोंगा पसरला आणि काटा साडेतीन किलोच्या पुढे गेला. बाईंनी बायकोच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, लाल होती. “कोण करतंय घरी?” त्यांनी विचारलं. “माझे मामू,” बायको म्हणाली आणि मग, मेहेरबानी म्हणून, “आणि हे.”

घरी आलो. बायकोने आंघोळ केली, केस बांधले आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरून माझ्या हातातला चमचा काढून घेतला. “सरका आता,” ती म्हणाली. मी सरकलो. दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. पाठ ताठ होती, गाणं गुणगुणत होती. मला अभिमानाने भरून आलं होतं आणि तरी हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. एकदा कमरेवर ठेवले, मग मागे बांधले. तेव्हा मनात आलं, मामू एव्हाना घरी पोचले असतील. बावीस वर्षांनी, कायमचे. मामीने पुढ्यात ताट ठेवलं असेल, काहीही करू न देता. आणि मामू पडवीत बसून आपल्या हातांकडे बघत असतील.