लाईट गेली तरी आत जळत होतं

माझा भाऊ पिऊन मेला नाही.

मागच्या गटारीलाही हे लिहिलं होतं. यंदाही लिहिते. कारण आज सकाळीच भुकूमला आमच्या सोसायटीत एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "हिचाच भाऊ ना तो, गटारीला जास्त झाली तो?"

मी मागेच उभी होते.

अमोल. माझा धाकटा. कासार आंबोलीला आमच्या शेताच्या कडेला त्यानं खोल्या बांधल्या होत्या, शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी गटारीच्या रविवारी त्यातल्याच एका खोलीत तो दुपारी आडवा झाला आणि उठला नाही.

गटारी, बंद खोली, तरणा पोरगा. लोकांना एवढं पुरतं.

अरे, त्यानं बिअरचा घोटसुद्धा कधी घेतला नाही! पाहुण्यांना ग्लास-बर्फ नेऊन द्यायचा आणि स्वतः ताक पीत बसायचा.

त्याला खूळ एकच होतं. स्मोकर.

इलेक्ट्रिक कपाटच ते. आत जाळीवर कोंबडी ठेवायची, खालच्या ट्रेमध्ये लाकडाच्या पेलेट्स. पेलेट्स म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या नुसत्या धुमसतात आणि त्या धुरात कोंबडी सावकाश शिजते.

आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "कपाटात कोंबडी कोंडून काय करतुयास रं?"

खाल्ल्यावर म्हणाली, "आमच्या म्हायेरी चुलीवर मासं टांगायचं. तसंच लागतंय की."

त्या दिवशी अमोलसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि काळजी तर इतकी घ्यायचा की मला वैताग यायचा. पिरंगुटच्या एका कारखान्यातला ओळखीचा माणूस बॉयलरच्या पेलेट्स फुकट देत होता. मी म्हटलं, घे की.

"न्हाई ताई. त्यात कसलं लाकूड, कसला रंग, काय म्हाईत? लोकांच्या पोटात जातंय."

पेलेट्स कोरड्या डब्यात, झाकण घट्ट. ट्रेमध्ये मूठभरच. दार उघडताना तोंड बाजूला, कारण आतून भपका येतो. राख पत्र्याच्या डब्यात, वर पाणी. आणि मशीन कायम बाहेर, पडवीत.

कायम. तो एक दिवस सोडून.

त्या दिवशी पाऊस आडवा लागला होता. दुपारची कोंबडी काढून झाली होती. संध्याकाळी मोठा ग्रुप येणार म्हणून अमोलनं नवीन पेलेट्स भरल्या होत्या, गटारीची गर्दी म्हणून ट्रे शिगोशीग. त्या धुमसायला लागल्या आणि लाईट गेली.

पडवीत पाणी यायला लागलं. आई म्हणाली, "भिजंल रं ते. उद्या कुणाला करंट मारंल. आत घे."

त्यानं प्लग काढला आणि मशीन उचलून खोलीत ठेवलं.

लाईट नाही, प्लग नाही, म्हणजे मशीन बंद. मिक्सर बंद होतो, गिझर बंद होतो. तुम्हालाही हेच वाटलं असतं, खोटं बोलू नका.

पण पेलेटला लाईट फक्त पेटायला लागते. एकदा पेटली की ती आपली आपण धुमसत राहते. त्यातून जो गॅस निघतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग, ना वास. आणि धुराचा वास म्हणाल तर तो अमोलच्या शर्टाला रोजच असायचा.

आमच्या जुन्या घरात धूर कौलांतून वाट काढायचा. या खोलीला स्लॅब होता. काचेच्या सरकत्या खिडक्या पावसामुळे गच्च लावलेल्या. आत थेंब येऊ नये म्हणून त्यानंच उभं राहून तसं काम करून घेतलं होतं.

"आई, जरा पडतो. पाहुणं आलं की उठीव."

आई उठवायला गेली तेव्हा त्या गॅसनं त्याचे गाल लाल झाले होते. तिला वाटलं, पोरगं गाढ झोपलंय. म्हणून ती जरा वेळ दारातच थांबली.

डॉक्टरांनी गॅस सांगितला. गावानं दारू ठरवली.

मागच्या वर्षी मी हे सगळं लिहिलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. आणि एकानं इनबॉक्समध्ये विचारलं, "ते मशीन विकायचं आहे का?"

परवा गावी गेले तर शेजारच्या काकू पेटती शेगडी घरात घेऊन, खिडक्या लावून कपडे वाळवत बसलेल्या.

"काकू, खिडकी उघडा."

"अगं, आमचा जलम गेला धुरात. आमाला काय हुतंय?"

मी स्वतः खिडकी उघडली. अंगणात पोचेपर्यंत मागून ती लावल्याचा आवाज आला.

तेव्हा कुणी काही शिकेल ही आशा मी सोडली आहे. लिहिते ते फक्त अमोलच्या नावाला लागलेला डाग पुसायला. तोही पुसला जात नाही.

एक विनंती. आई हे वाचत नाही. लाईट गेल्यावरही ते आत धुमसत होतं, हे तुम्हीही तिला सांगू नका.

कारण लाईट गेली, पंखा थांबला, की तिचा हातही थांबतो. मग ती विचारते, "तवा बी लाईट गेलीच हुती ना गं? मी लाईट गेल्यावरच आत घे म्हणलं."

जगाला ओरडून खरं सांगणारी मी, तिला म्हणते, "व्हय आई. मशीनच खराब हुतं."

ती मान हलवते आणि पुन्हा कामाला लागते. पुढच्या वेळी लाईट जाईपर्यंत तिला ते पुरतं.

अमोल, श्रद्धांजली रे भावा. याहून जास्त काही करता येत नाही.

तुझी ताई