आबांची मोटार आणि मोठे भाऊजी

ज्या माणसाचं नाव एके काळी आमच्या घरात काढायचं नव्हतं, तो माणूस आज गेला.

आणि माझा नवरा सकाळपासून रडतोय.

दत्ताभाऊजी. माझे मोठे दीर. दौंडला रेल्वेत होते.

दोघा भावांचं भांडण जमिनीवरून नव्हतं. मोटारीवरून होतं.

माझे सासरे, आबा, शिरूरला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा त्यांची जुनी काळी विलायती मोटार आबांना देऊन गेले. लांब नाक, तारांची चाकं, बाहेर फूटबोर्ड, वर कापडी टप. गावातल्या कितीतरी नवरदेवांची वरात त्या गाडीतून निघाली.

आबा गेले आणि गाडी लिंबाखाली उभी राहिली.

एक दिवस हे रांजणगावहून फर्स्ट शिफ्ट करून आले, तर लिंबाखाली नुसता तेलाचा डाग.

भाऊजींनी गाडी भंगारात दिली होती. न विचारता.

बोलणं बंद. दिवाळीलासुद्धा बंद.

सन दोन हजारच्या सुमारास ह्यांनी ठरवलं, तीच गाडी पुन्हा बनवायची. छोटी. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे हिचा एक इंच.

विकतचं किट वगैरे काही नाही. फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला. त्यात गाडी कमी, हारच जास्त!

हे कंपनीत टूलरूमला, त्यामुळे हात तयार. लाकडी साच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून ठोकून बॉनेट केलं, मडगार्ड केले. सायकलच्या ब्रेक वायरची एकेक तार सुटी करून चाकांचे स्पोक. स्टीअरिंग म्हणजे आमच्या लेकीची बारशातली काळी बांगडी.

मी माझी जुनी पर्स घरभर शोधत होते. तिच्या सीटा झाल्या होत्या.

पण डॅशबोर्डपाशी काम अडलं. तिथं काय काय होतं, ह्यांना आठवेना. हे लहान, कायम मागच्या सीटवर. पुढं आबांच्या शेजारी बसायचे ते भाऊजी.

“दौंडला जाऊन विचारा की,” मी म्हटलं.

“त्याचं नाव काढू नको.”

“मग ऱ्हाऊ द्या गाडी बिनडॅशबोर्डाची.”

कितीतरी दिवस ती तशीच राहिली. मग एका रविवारी हे न सांगता तयार झाले. गाडी साडीच्या खोक्यात. आम्ही दौंडची एसटी धरली.

क्वार्टरचं दार भाऊजींनीच उघडलं. ह्यांनी खोकं छातीशी धरलेलं.

शेवटी मीच खोक्याचं झाकण काढलं.

भाऊजी तिथंच उंबऱ्यावर बसले. चष्मा पुसला, परत लावला. बराच वेळ गाडी वळवून वळवून बघितली.

“दाराला कडी कुठंय?”

“कसली कडी?” ह्यांनी विचारलं.

“आबांच्या बाजूचं दार लागत न्हवतं. त्यांनी घरातली कडी ठोकली हुती त्याला. इसरला व्हय?”

हे हसले. किती वर्षांनी त्या माणसासमोर हसले!

जाऊबाईंनी चहा दिला. चहा झाल्यावर ह्यांनी विचारलंच. “का दिलीस भंगारात?”

भाऊजींनी कप खाली ठेवला.

“टप फाटला हुता. पावसाचं पाणी आत. सीटांत उंदरांनी पिलं घातली. आबा बसायचे तिथंच. मला बघवंना रं.”

“मला इचारायचं तरी.”

“चुकलं माझं.”

एवढंच बोलणं झालं. मग भाऊजींनी पेपर ओढला आणि त्याच्या कडेला डॅशबोर्ड काढून दाखवला. मधे स्पीडचं मोठं घड्याळ, डावीकडं बॅटरीचा काटा, कडेला एक खिळा. त्या खिळ्याला आबा हार अडकवायचे.

त्यानंतर भाऊजी रविवारी शिरूरला यायला लागले. दोघांनी मिळून डॅशबोर्ड केला, कडी केली, टप शिवला. काळा रंग किती चकचकीत हवा यावरून भांडलेसुद्धा. मला ते भांडण ऐकायला फार बरं वाटायचं.

गाडी पुरी झाली. आबांच्या फोटोखाली बसली.

तरी भाऊजी येतच राहिले.

“मागचा दिवा ढिला वाटतोय, बघतो.”

“बंपरला जरा पॉलिश मारू.”

एकदा जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, “ढिलं न्हाई न् बिलं न्हाई. त्यांना तुमच्याकडं यायचं असतं गं.”

मी हे भाऊजींना कधी कळू दिलं नाही. ते आले की मी बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून द्यायचे आणि चहा टाकायचे.

दोघं भाऊ फरशीवर बसून, काहीही न बिघडलेली गाडी दुपारभर दुरुस्त करायचे.

फार सुखाची वर्षं होती ती, भाऊजी.

तुमच्या धाकट्या भावाला मी सांभाळते. काळजी करू नका.

वाकून नमस्कार.