वाणी सर आणि बाबांची तक्रार

काल वाणी सर गेले. माझ्या वडिलांना माझ्याविरुद्ध पेपरात जागा देणारा माणूस.

बुरहानपुरातल्या आमच्या छोट्या हिंदी साप्ताहिकाचे ते संपादक. बी.ए. झाल्यावर पहिली नोकरी त्यांनीच दिली. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. मला वाटायचं, खरं लिहायचं ठरवलं की खरंच लिहिलं जातं.

माझी पहिली मोठी बातमी आमच्याच गावची, जसोंडीची होती.

नामदेवकाकांनी त्यांच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले होते. केळीचा ट्रक आत येईना. बाबा आणि बाकीचे शेतकरी घड डोक्यावरून सडकेपर्यंत वाहत होते.

मी तावातावाने लिहिलं. सरांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, चहा कुणाच्या घरी घेतला?"

"आमच्याच."

"दिसतंय. आता नामदेवच्या घरी घेऊन ये."

बाबा म्हणाले, "त्याच्या ओट्यावर चढलीस तर माझ्याशी बोलू नको."

मी गेले.

काकूंनी चहा दिला आणि फुटलेल्या ड्रिपच्या नळ्यांचा ढीग दाखवला. ट्रक आला की रस्त्यावरून आडव्या गेलेल्या नळ्या फुटल्याच. सरपंचाला सांगून झालं, ट्रकवाल्याला सांगून झालं.

"तुझ्या बापालाही सांगितलं होतं, पोरी. विचार घरी."

बाबांनी हे मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बातमी छापून आली. बाबांनी बोलणं बंद केलं. जेवताना आईला म्हणायचे, "पत्रकारबाईंना भाजी वाढ."

मी ऑफिसात रडले. सर म्हणाले, "बातमी खरी आहे ना? मग डोळे पूस."

आणि रविवारी, मला न सांगता, स्कूटरवर थेट आमच्या अंगणात हजर.

बाबांनी त्यांना उभ्या उभ्या सुनावलं. "आम्ही हिला शिकवली कशाला? बातमीत त्याच्या नळ्या सगळ्यात वर, आणि आमचे घड पार खाली, एका ओळीत! माल आमचा सडत होता, साहेब."

सर सगळं ऐकून माझ्याकडे वळले.

"भाऊ बरोबर बोलताहेत. घरच्यांची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून तू घाबरलीस, आणि दुसरीकडे झुकलीस. तेही झुकणंच, बेटा. यांची तक्रार लिही."

"माझ्याच बातमीविरुद्ध?"

"हो. खाली नावही तुझंच टाक."

पुढच्या अंकात ती आली. बाबांनी मोठ्याने वाचली, दोनदा.

"हां. मी म्हटलं तसंच आहे हे."

मग आईला नाही, मला म्हणाले, "चल, जेवून घे."

पुढे नळ्या जमिनीखालून गेल्या, रस्ता मोकळा झाला. नामदेवकाका आणि बाबा अजून फारसे बोलत नाहीत. काल तापीच्या घाटावर मात्र दोघंही आले होते.

आज सकाळी ऑफिसातून फोन आला. "सरांवर तूच लिही."

मी नाही म्हटलं. त्यांच्याशी ज्यांचं कधी जमलं नाही, अशा कुणाला तरी लिहू द्या. तसे लोक आहेत, आणि त्यांचीही कारणं असतील.

माझं मी इथे लिहिते आहे, माझ्या प्रोफाइलवर, माझ्या माणसांसाठी.

इथे मला काहीच तोलायचं नाही.

सर, मी तुमच्या बाजूची.

शेवटचा नमस्कार.